शाळेने घराकडे काय मागावे?

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड अशी त्यात तरतूद होती. त्या काळी रुपया ही काही थट्टा नव्हती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांचा शाळेवर विश्वास बसायला वेळ लागणार आणि तोवर मुलाचे शिकायचे वय निघून जाणार, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता आणि तो त्या काळाला धरून होता. अडचण पुढची आहे. शंभर वर्षे उलटली, मुले शाळेत आली, तरी पालकाकडे पाहण्याची शाळेची नजर अजून त्या दंडाच्या पावतीवरच अडकली आहे. पालक म्हणजे कमी पडणारा माणूस. त्याला समज द्यायची, जाब विचारायचा आणि सही घ्यायची.

कायदा मात्र कितीतरी पुढे गेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कुठे खर्च होते ते पाहणे ही समितीची कामे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे त्यांतलेच एक. म्हणजे पालकांशी बोलणे ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, ते त्याचे नेमून दिलेले काम आहे.

कागदावर असा पालक शाळेचा कारभारी झाला. प्रत्यक्षात अनेक गावांत काय होते ते शिक्षकांनाही ठाऊक आहे आणि पालकांनाही. समितीचा अध्यक्ष पालक, सचिव मुख्याध्यापक. लिहायचे सचिवाने, सह्या करायच्या इतरांनी. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, पोषण आहाराचा आढावा. विषय क्रमांक तीन, गुणवत्ता विकास. प्रत्येकाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. खुरपणीला गेलेल्या सदस्येची सही संध्याकाळी तिच्या दारात घेतली जाते. सही कशावर आहे हे ती विचारत नाही. ते सांगायला गुरुजींनाही वेळ नसतो, कारण त्यांना रात्री कुठल्या तरी पोर्टलवर माहिती भरायची असते. यात कोणी लबाड आहे असे नाही. सगळे मिळून एक रकाना भरत असतात.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे पालकांचे प्रबोधन. सभा वाढवा, हजेरी वाढवा, हक्क समजावून सांगा. हा उपाय मला मुळातच उलटा वाटतो. पालक शाळेत येत नाहीत हे दुखणे वरवरचे आहे. आले तरी त्यांच्यासाठी तिथे काही काम नसते, हे खरे दुखणे. शाळा आणि घर यांची भागीदारी घडवायची तर आधी शाळेने ठरवले पाहिजे की आपल्याला घराकडून नेमके काय हवे आहे. ज्याचे उत्तर फक्त घराकडे आहे असे काहीतरी मागितले पाहिजे, आणि मिळालेल्या उत्तराने शाळेत काय बदलले हे घराला दिसले पाहिजे.

आज शाळा काय मागते? सही, पैसा किंवा श्रमदान, आणि तक्रार ऐकून घेण्याची तयारी. चाचणीनंतरची पालकसभा आठवून पाहा. दिवसाची मजुरी बुडवून आलेली आई मुलाच्या बाकावर अंग चोरून बसते. बाई टेबलापलीकडून प्रगतिपुस्तक फिरवतात. ‘लक्ष देत नाही. घरी अभ्यास घेत जा.’ आई मान हलवते. जी स्वतः चौथीत शाळा सोडून शेतात गेली, तिने सातवीचा अभ्यास घ्यायचा म्हणजे काय करायचे, हे बाई सांगत नाहीत आणि आई विचारत नाही. बाहेर आल्यावर ती मुलाच्या पाठीत एक धपाटा घालते. त्या सभेतून घरापर्यंत पोचले ते एवढेच. पुढच्या वेळी ती येत नाही आणि शाळेच्या नोंदीत ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो.

तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हेच वेगळ्या वेशात दिसते. तिथे फी भरलेली असते, गणवेशाला इस्त्री असते, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतो. पण सूचना येते ती इंग्रजीत. उद्या ‘ग्रीन डे’ आहे, हिरवे कपडे आणि हिरवी भाजी पाठवा, एवढे कळायला आईला शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडे फोन घेऊन जावे लागते. मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणाऱ्या या बाईला शाळेने तिच्याच भाषेत दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. शाळेने तिला गिऱ्हाईक मानले; पण गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत बोलावे, एवढी दुकानदारीही पाळली नाही.

नुसती माहिती देऊन आणि सभा भरवून काही हलत नाही, याचा चांगला पुरावा आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्थेने आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थतज्ज्ञांनी मिळून एक प्रयोग केला. काही गावांत सभा घेऊन लोकांना ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला गावकऱ्यांना मुलांचे वाचन स्वतः तपासायला शिकवले, म्हणजे आपल्या गावातली किती मुले वाचू शकतात हे त्यांना डोळ्यांनी दिसले. तिसऱ्या गटातल्या गावांत या दोन्हींबरोबर गावातल्याच स्वयंसेवकांना शाळेबाहेर वाचनवर्ग चालवण्याचे साधे प्रशिक्षण दिले. पहिल्या दोन प्रकारांनी ना लोकांचा शाळेतला सहभाग वाढला, ना मुलांचे शिकणे. तिसऱ्या प्रकारात मात्र तरुण मुले-मुली पुढे आली, वर्ग चालले, आणि त्या वर्गांना बसलेल्या मुलांचे वाचन ठळकपणे सुधारले. लोकांना कळकळ नव्हती असे म्हणता येणार नाही. हाताला नेमके काम मिळाल्यावर त्यांनी ते केले. समितीमार्फत सरकारी यंत्रणेला जाब विचारा, असे म्हटल्यावर मात्र कोणी हलले नाही. या प्रयोगाची एक उणी बाजूही आहे. सुधारणा शाळेबाहेर झाली, शाळा होती तशीच राहिली. म्हणून काम देणारी संस्था बाहेरची असून भागत नाही, शाळाच असावी लागते.

दुसरा पुरावा कोविडच्या काळातला, आफ्रिकेतल्या बोट्स्वानामधला. तिथे शाळा बंद असताना काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे सोपे उदाहरण मोबाइलवर नुसते लिहून पाठवले. काहींना तो संदेश पाठवला आणि वर फोन करून पालक आणि मूल दोघांशी थोडा वेळ बोलले, उदाहरण समजले का ते पाहिले. नुसत्या संदेशाचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, फोनचा झाला. आपल्याकडे त्याच काळात ग्रुपवर रोज अभ्यासाच्या लिंका येत होत्या आणि किती जणांना पोचल्या याचे अहवाल वर जात होते. संदेश पोचला म्हणजे संवाद झाला, ही समजूत त्या काळातून आपण उचलली आणि ती अजून सोडलेली नाही.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, माहिती. मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. उरलेल्या वेळात ते काय करते, कशात रमते, कोणत्या भाषेत भांडते, हे फक्त घराला माहीत असते. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात गप्प बसते तेव्हा बाईंना ते मंद वाटते. तेच मूल घरी धाकट्या भावंडाला अख्खी गोष्ट सांगत असते. ती गोष्ट आजीकडून वर्गात आणायची तर आधी आजीला विचारावे लागेल.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांत पाठवले ते असे विचारायला. ताकीद द्यायला किंवा सल्ला द्यायला कोणी जायचे नव्हते. शिकायला जायचे होते. शिक्षकांना त्या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार यांचे भरपूर ज्ञान सापडले आणि त्यावर त्यांनी वर्गातले पाठ बेतले. आपल्याकडच्या गृहभेटी बहुतेक पटनोंदणीच्या हंगामात होतात किंवा मूल गैरहजर राहिले म्हणून. दारात उभे राहून ‘उद्यापासून पाठवा’ एवढे सांगितले की भेट संपली. त्याऐवजी वर्षातून एकदा, तक्रारीशिवाय, दहा मिनिटे टेकून शिक्षकाने एवढेच विचारावे: ‘याला काय चांगले जमते?’ ज्या आईला आजवर फक्त मुलाचे दोष ऐकवले गेले, तिला हा प्रश्न नवा असतो. गवंड्याचा मुलगा ओळंबा धरायला शिकलेला असतो, भाजी विकणारीची मुलगी पाव किलोचा भाव तोंडी काढते. हे कळलेला शिक्षक अपूर्णांक वेगळ्या ठिकाणाहून सुरू करील.

विचारताना घर कोणते हेही पाहावे लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे कोयता बाहेर पडतो आणि आईबाप उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांनी मागे राहावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे सुरू केली. गावातच जेवणाची सोय, मुक्काम बहुधा आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे. त्या पाच-सहा महिन्यांत पालक म्हणजे आजी. पण सभेची सूचना वडिलांच्या नावे निघते आणि ग्रुपवर नंबर असतो तो शेकडो मैल लांब फडात असलेल्या बापाचा. आजीकडे फोन नसतो, वाचता येत नाही आणि तिला कोणी बोलावलेलेही नसते. मूल संध्याकाळी कुठे असते, रात्री आईच्या आठवणीने झोपते की नाही, हे फक्त तिला माहीत असते. अशा गावात शाळेने आजीला ओळखले, तर बोलण्याला सुरुवात होईल. नाही तर समिती भरलेली असूनही बोलायला कोणीच नाही.

दुसरी मागायची गोष्ट म्हणजे घरात सहज बसेल असे छोटे, नेमके काम. ‘अभ्यास घ्या’ हे काम नव्हे, तो हुकूम आहे. ‘रोज रात्री जेवताना मुलीला आज वाचलेली गोष्ट सांगायला लावा आणि शेवटपर्यंत ऐका’ हे काम आहे, आणि त्याला आईला वाचता येण्याची गरज नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे ‘पहिले पाऊल’ अभियान राबवले गेले, त्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शाळेच्या अंगणात टेबले मांडलेली. एका ठिकाणी मूल उड्या मारते, एका ठिकाणी चित्र पाहून बोलते, कुठे वस्तूंची वर्गवारी करते, कुठे मोजते. आई शेजारी उभी असते. मुलाला काय आले, कशाला मदत लागली याची नोंद तिच्यासमोर कार्डावर होते. नंतर वस्तीतल्या आयांचे गट करायचे आणि आठवड्याला काही सोप्या कृती द्यायच्या: डाळ-तांदूळ वेगळे करणे, घरातल्या गोल वस्तू शोधणे, चपला लहान-मोठ्या लावणे. सगळीकडे हे गट टिकले असे कोणी म्हणणार नाही. जिथे शिक्षक किंवा अंगणवाडीताई आठवड्याला चौकशी करायला गेल्या नाहीत, तिथे कार्डे फळीवर गेली. पण त्यामागची कल्पना मला पक्की वाटते. आईला तिच्या मुलाचे शिकणे प्रत्यक्ष दिसते, आणि तिला करता येईल असे काहीतरी तिच्या हातात पडते.

घरच्या कामाकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बिहार आणि राजस्थानात आयांसाठी साक्षरता वर्ग, मुलांबरोबर घरी करायच्या कृती, आणि दोन्ही एकत्र, असा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आयांचे स्वतःचे शिकणे आणि मुलांच्या अभ्यासातले त्यांचे लक्ष वाढले. मुलांच्या गणितातही फरक पडला, पण थोडा. म्हणजे घराची मदत खरी आहे, पण ती शिकवण्याची जागा घेऊ शकत नाही. भागीदारीच्या नावाखाली शाळेने आपले काम घरावर ढकलले, तर सगळ्यात आधी बुडते ते ज्याच्या घरी कोणी शिकलेले नाही ते मूल.

इथे शहरी मध्यमवर्गाकडे वळावे लागते, कारण तिथे तक्रार उलटी आहे: पालक फार लुडबुड करतात. प्रकल्पाची वही आई रात्री बारापर्यंत सजवते, ज्वालामुखीचे मॉडेल बाबा करतात आणि शाळा ते प्रदर्शनात मांडते. अर्धा गुण कमी पडला की ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत चर्चा. खासगी शाळांत शुल्क नियमनाच्या कायद्याने पालक-शिक्षक संघाला फीच्या निर्णयात स्थान दिले, ते आवश्यकच होते. पण अनेक ठिकाणी संघाचा सगळा जीव फीतच अडकतो आणि मुले काय शिकतात हा विषय पत्रिकेवर येतच नाही. मला यात अति सहभाग दिसत नाही. काम ठरवून न दिल्याचाच हा दुसरा नमुना आहे. खेड्यातल्या आईला काय करायचे ते सांगितले नाही म्हणून ती गप्प राहिली. शहरातल्या आईला काय करायचे नाही ते सांगितले नाही म्हणून ती मुलाच्या जागी जाऊन बसली. ‘हा प्रकल्प मुलाने वर्गातच करायचा आहे, घरून फक्त जुने पुठ्ठे पाठवा’ असे सांगणारी शाळा आईवर उपकार करते आणि मुलावरही. ज्याच्या घरी मॉडेल करून देणारे बाबा नाहीत, त्या वर्गमित्रावर तर त्याहून जास्त. गृहपाठाला एक साधी कसोटी लावावी: घरात कोणीच शिकलेले नसेल तरी हे मूल तो एकट्याने करू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम वर्गातले आहे.

तिसरी गोष्ट मागायची ती निर्णयातली साथ. तीही सगळ्याच निर्णयांत नको. पहिलीला वाचन कोणत्या पद्धतीने शिकवायचे हे शिक्षकाचे शास्त्र आहे; ते पालकांच्या मतदानावर सोडणे म्हणजे दोघांचीही फसवणूक. पण शाळेची वेळ, पोषण आहाराची चव आणि स्वच्छता, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही, आलेले अनुदान आधी छपरावर खर्चायचे की पुस्तकांवर, सभा दुपारी ठेवायची की मजूर परतल्यावर संध्याकाळी, या गोष्टी घरालाही तितक्याच कळतात. इथे समितीला खरा अधिकार वापरू द्यावा, अगदी मुख्याध्यापकाच्या मताविरुद्धही. एकदा एखादा निर्णय पालकांच्या म्हणण्याने बदलला, की पुढच्या सभेला माणसे बोलवावी लागत नाहीत.

शिक्षक म्हणतील, हे सगळे ठीक, पण करायचे कोणी आणि कधी? हा आक्षेप खोटा नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसवून शिकवणाऱ्या, आहाराचा हिशेब ठेवणाऱ्या, माहित्या भरणाऱ्या माणसाला आणखी एक उपक्रम म्हणून हे सांगितले तर तो त्याचाही अहवाल करील आणि मोकळा होईल. म्हणून इथे भर घालण्याआधी काही काढून टाकावे लागेल. ठरलेले दिवस साजरे करणे, त्यांचे फोटो पाठवणे, एकच माहिती तीन ठिकाणी भरणे यातला थोडा वेळ मोकळा केला, तर महिन्याला आठ-दहा घरांशी बोलणे कठीण नाही. वरच्या कार्यालयांना हे कळत नसेल असे नाही. बोलण्याचा फोटो निघत नाही, हीच त्यांची अडचण आहे.

शेवटी प्रश्न उरतो, पहिले पाऊल कोणी टाकायचे? पालकांनी जागे व्हावे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच इतिहासातली एक गोष्ट पाहावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी आयांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणावर गेली, तिला कुरणशाळा म्हटले गेले. १९७५ नंतर अंगणवाडी देशभर पसरली. मूळ निर्णय साधा होता: अंतर तोडायची जबाबदारी ज्याच्याकडे ज्ञान, पगार आणि अधिकार आहे त्याची.

आजही समीकरण तेच आहे. शाळेकडे भाषा आहे, शिक्का आहे, मुलाला पास-नापास म्हणण्याची ताकद आहे. घराकडे मुलाची ओळख आहे आणि त्याच्याविषयीची माया. ज्याची बाजू बळकट त्याने आधी हात पुढे करावा, नाही तर भागीदारी हा शब्द फक्त आर्जवी सुराने दिलेला हुकूम ठरतो. शिक्षण विभागाला खरोखर काही मोजायचेच असेल, तर सभा किती झाल्या आणि हजेरी किती होती हे दोन आकडे मागणे थांबवावे. त्याऐवजी दर सत्राला प्रत्येक शाळेकडून दोनच ओळी मागवाव्यात: पालकांनी आम्हाला काय सांगितले, आणि त्यामुळे आम्ही काय बदलले. पहिल्या वर्षी बहुतेक शाळांना दुसरी ओळ लिहिता येणार नाही. ती कोरी राहू द्यावी. ‘सर्वानुमते मंजूर’पेक्षा ती खरी माहिती असेल, आणि काम कुठून सुरू करायचे हे तिच्यावरूनच कळेल.